कातळाची ओंजळ

विहीर बघायची तर एप्रिलच्या मध्यावर बघावी. श्रावणात ती काठोकाठ असते आणि वाकून पाहिलं तर आभाळाखेरीज काही दिसत नाही. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की भिंत उघडी पडते. जमिनीखाली काय आहे हे कळावं म्हणून भूशास्त्रज्ञ एरवी यंत्रानं खडकाच्या कांड्या काढतात. इथे ते सगळं वरून खाली ओळीनं समोर उभं असतं.

पुरंदर तालुक्यातली अशी एक विहीर माझ्या चांगल्या ओळखीची आहे. तीस फूट रुंद, बेचाळीस फूट खोल. मालकाच्या आजोबांनी सुरुंग लावून, यारीनं दगड ओढून काढलेली. मालकांना सगळं गाव तात्या म्हणतं, मीही म्हणतो. वरच्या पंधरा फुटांना दगडी बांधकाम आहे, पण उत्तरेकडचा भाग एका पावसाळ्यात ढासळला आणि तिथे आतली माती दिसते. सुरुवातीला अडीच फूट काळी माती, भेगाळलेली. तिच्याखाली पिवळट-तांबूस मुरूम, चिमटीत धरला तर चुरा होणारा. मुरमात गोल धोंडे अडकलेले आहेत, आणि त्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटत चालले आहेत. हा मुरूम म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, खालचाच कातळ पावसापाण्यानं कुजून असा झाला आहे.

बांधकाम संपतं तिथून खडक सुरू होतो. राखाडी, जरा जांभळट झाक असलेला, ठिकठिकाणी छिद्रं पडलेला, आणि छिद्रांमधून पांढऱ्या गारगोट्या भरलेला. आपल्याकडे विहीर खोदणारे याला मांजऱ्या म्हणतात. या मांजऱ्यात जवळजवळ आडव्या जाणाऱ्या भेगा आहेत, आणि त्यांतल्या एका भेगेच्या कडेनं हंसराजाची हिरवी झालर लटकलेली आहे. आसपास सगळं रान वाळून पिवळं पडलेलं असताना ती झालर मे महिन्यापर्यंत हिरवी राहते. झरा शोधायला दुसरी खूण लागत नाही. त्याखाली वीतभर जाडीचा विटेसारखा लाल पट्टा, आणि पट्ट्याखाली तळापर्यंत काळा पाषाण. त्यावर आजोबांच्या काळच्या पहारीचे आणि सुरुंगाच्या भोकांचे वण अजून दिसतात. पाषाणाला उभ्या चिरा आहेत, पण सुरीचं पातंही जाणार नाही इतक्या बारीक.

“पाणी त्या मांजऱ्यातच हाय बघा,” तात्या म्हणाले. “खालच्या पाषाणात आज्यानं दोन वर्सं घातली. नुसता खड्डा झाला, पाणी साठवायला.”

या एका वाक्यात पश्चिम आणि मध्य महाराष्ट्राच्या भूजलाचं बहुतेक शास्त्र येऊन जातं.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथली जमीन फाटली आणि लांबच लांब भेगांमधून लाव्हा वर आला. शंकूच्या आकाराचा एखादा ज्वालामुखी डोळ्यांपुढे आणू नका. काकवी सांडावी तसा हा लाव्हा पसरत गेला, थिजला, आणि काही काळानं त्याच्यावर दुसरा थर आला. असे थरावर थर. आज उरलेल्या या खडकानं, म्हणजे बेसॉल्टनं, सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन व्यापली आहे, आणि महाराष्ट्राच्या क्षेत्रफळाचा पाचातले चार भाग तिच्यातच येतात. आपण सह्याद्रीचे कडे पायऱ्या-पायऱ्यांचे बघतो, त्यातली एकेक पायरी म्हणजे एकेक प्रवाह किंवा प्रवाहांचा गट. शास्त्रज्ञ याला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात, आणि त्यातला ट्रॅप हा शब्दही पायरीसाठीच्या स्वीडिश शब्दावरून आला.

हा ढीग किती जाड आहे, ते दोन ठिकाणच्या भूकंपांमुळे नेमकं कळलं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर तिथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं गेलं. ३३८ मीटरवर बेसॉल्ट संपला, मग जेमतेम आठ मीटर जुना गाळ लागला, आणि त्याखाली अतिप्राचीन खडक. कोयनेच्या परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी २०१६-१७ मध्ये तीन किलोमीटर खोल छिद्र खोदलं, तेव्हा बेसॉल्टचा तळ लागायला सुमारे सव्वा किलोमीटर जावं लागलं. म्हणजे ढीग पश्चिमेला जाड आणि पूर्वेकडे पातळ होत गेलेला आहे. पण पाण्याच्या दृष्टीनं ही जाडी फसवी आहे. सव्वा किलोमीटर खडक आहे म्हणून सव्वा किलोमीटर पाणी आहे, असं मुळीच नाही.

एकेका प्रवाहाची अंतर्रचना समजून घेतली की याचं कारण उमगतं. लाव्हा पसरत असताना त्यातले वायू वर येतात. भाकरीला पापुद्रा सुटावा तसा वरचा भाग फुगतो, बुडबुडे तिथेच थिजतात आणि खडक सच्छिद्र होतो. पुढे लाखो वर्षांत उष्ण पाण्यातून आलेली खनिजं त्या पोकळ्यांमध्ये बसतात. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट आणि त्यांची भावंडं यातूनच झाली. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतून मिळालेली कॅव्हन्साइटची निळी फुलं जगभरच्या संग्रहालयांत मानानं ठेवलेली आहेत, तीही याच पोकळ्यांमधली. प्रवाहाचा मधला भाग मात्र सावकाश थिजतो, त्यात बुडबुडे राहत नाहीत, आणि तो होतो घट्ट काळा पाषाण. दोन प्रवाहांमध्ये बराच काळ गेला असेल तर खालच्या प्रवाहाचा माथा कुजून लाल होतो. तात्यांच्या विहिरीतला वीतभर लाल पट्टा तो हाच, एका प्रवाहाचा माथा आणि दुसऱ्याचं बूड यांच्या मधला.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण शिकलेल्या माणसांचाही तो असतो. मांजऱ्याला छिद्रं आहेत म्हणून त्यात पाणी असतं, असं नव्हे. ती छिद्रं एकमेकांना जोडलेली नसतात आणि बहुतेक गारगोट्यांनी बुजलेली असतात. पाणी असतं ते मांजऱ्याच्या आडव्या भेगांमध्ये, आणि हा खडक पाषाणापेक्षा लवकर कुजतो म्हणून त्या कुजलेल्या भागात. पाषाणात पाणी असलंच तर उभ्या चिरांमध्ये, तेही चिरा जिथे उघड्या असतील तिथेच. वाळूच्या प्रदेशात कुठेही खोदलं तरी पाणी लागतं. आपल्याकडे एका बांधाच्या अलीकडे विहीर भरते आणि पलीकडे कोरडी जाते, आणि गावातली माणसं ते नशिबावर घालतात. धुळे-नंदुरबारकडे तर लाव्हानं भरलेल्या उभ्या भिंतींसारखे डाईक जमिनीतून मैलोगणती गेले आहेत. एखादा पाणी अडवतो, एखादा भेगाळलेला असेल तर वाहून नेतो. एकाच डाईकच्या दोन बाजूंच्या विहिरींचं भाग्य वेगळं असू शकतं, आणि त्याला खडकाखेरीज कोणी जबाबदार नसतं.

आता जरा हिशेब करू, कारण सगळी गोम त्यातच आहे.

वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडणारं एक गाव धरा. त्यातला दहावा हिस्सा खाली मुरला असं मानू. म्हणजे ५० मिलिमीटर, दोन इंच पाणी. कुजलेल्या बेसॉल्टमध्ये विहिरीला पाणी देऊ शकेल अशी मोकळी जागा शंभरात साधारण दोन असते, एक ते तीनच्या दरम्यान. तेव्हा हे दोन इंच पाणी त्या जागेत मावण्यासाठी अडीच मीटर उंच चढतं. तेच दोन इंच पाणी नदीकाठच्या वाळूत मुरलं तर तिथे शंभरात सोळा भाग जागा मिळते, आणि पातळी जेमतेम एक फूट वर येते.

म्हणून आपल्या विहिरी चांगल्या पावसाच्या आठ-पंधरा दिवसांत आठ फूट वर येतात. माणूस काठावर उभा राहून बघतो आणि त्याला वाटतं, केवढं पाणी आलं! आलेलं असतं दोन इंच. खडकाची ओंजळ लहान म्हणून ती लवकर भरलेली दिसते, आणि लहान म्हणूनच उपसा सुरू झाला की तितक्याच लवकर उतरते. ओंजळ भरल्यावर पडलेला पाऊस ओढ्यानं निघून जातो, त्याला आत जागाच नसते. दुष्काळाच्या चर्चेत पाऊस किती पडला हे सगळे विचारतात. खडकात मावतं किती, हे विचारणारे फार थोडे भेटतात, आणि मला ही मोठी उणीव वाटते.

आता याच गावात एक हेक्टर ऊस लावा. उसाला साधारण दोन हजार मिलिमीटर पाणी लागतं. पावसाचे पाचशे वजा करा, उरले दीड हजार. एका हेक्टरवर मुरतात पन्नास. म्हणजे तीस हेक्टरवर मुरलेलं पाणी एक हेक्टर ऊस पितो. ते तीस हेक्टर त्याच शेतकऱ्याचे असतात का? बहुधा नसतात. खडकातल्या भेगांना सातबारा ठाऊक नाही. पण १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यापासून समजूत अशी आहे की जमीन ज्याची, खालचं पाणी त्याचं. तो कायदा झाला तेव्हा बैल दिवसभरात जेवढं पाणी मोटेनं ओढत, तेवढाच उपसा होता. बैल थकत, धाव संपे, आणि रात्री झरा पुन्हा विहीर भरत असे. मोटेच्या काळात निसर्गाचा आणि उपशाचा मेळ कोणी मुद्दाम बसवलेला नव्हता. तो बैलांच्या दमावर बसत होता.

तो मेळ मोडायला १९७२ चा दुष्काळ निमित्त झाला. पिण्याचं पाणी नव्हतं, आणि हवेच्या दाबानं कातळ फोडत जाणारी यंत्रं गावोगाव फिरू लागली. ज्या कातळाला पहारीनं दोन वर्षं लागत तो एका दिवसात भोकाळला जाऊ लागला. त्यामुळे माणसं वाचली, हे विसरता कामा नये. पुढे देशभर आणि आफ्रिकेतही गेलेल्या इंडिया मार्क-२ या हातपंपाची वंशावळ जालना आणि सोलापूरच्या पंपांपाशी पोचते. मराठवाड्यातल्या बायकांच्या कमरेवरून मैलोन् मैल आलेल्या हंड्यांचं ओझं त्या पंपानं कमी केलं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही त्याच काळातली. पण पिण्यासाठी आलेलं यंत्र वीस वर्षांत शेतीसाठी राबू लागलं, आणि भोकाच्या तोंडाशी हातपंपाऐवजी विजेची मोटार बसली.

बोअर घेण्याची रात्र ज्यांनी पाहिली आहे ते ती विसरत नाहीत. पाणाड्यानं हातावर नारळ उभा करून दाखवलेली जागा, तिथे लिंबू आणि कुंकू. धडधडणारी गाडी. भोकातून उडणारी राखाडी धूळ, अंगणातल्या तुळशीपासून निजलेल्या पोरापर्यंत सगळ्यांवर बसणारी. फुटाफुटाचा दर ठरलेला. दोनशे फुटांवर मालक विचारतो, “काय म्हणतंय?” ऑपरेटर मान हलवतो. मग अडीचशे, तीनशे. धुळीचा रंग मध्येच तांबडा होतो, म्हणजे लाल पट्टा लागला. पुन्हा काळी धूळ. कर्ज काढलेलं असतं, आणि थांबलं तर आतापर्यंतचे पैसे वाया. त्यामुळे तो आणखी खाली जायला सांगतो. मी अशा एका अंगणात पहाटे चारपर्यंत बसलो आहे. कोरडी धूळ उडत राहिली की अंगणात कोणी कोणाशी बोलत नाही.

आणि पाणी लागलं तर? समजा साडेतीनशे फुटांवर एखाद्या चिरेत लागलं. ते पाणी खालच्या एखाद्या प्रवाहाच्या माथ्यावर, कुठून तरी लांबून, फार सावकाश येऊन साचलेलं असतं. वर पाषाणाचं झाकण असल्यामुळे पाऊस तिथे थेट पोचत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत मोटार धो धो चालते, मग ते साचलेलं पाणी संपतं. पण त्याहून मोठं नुकसान दुसरंच आहे, आणि ते दिसत नाही. बोअरला लोखंडी किंवा प्लॅस्टिकचा केसिंग पाइप टाकतात तो फक्त मुरमापुरता, भोक ढासळू नये म्हणून. त्याखालचा मांजऱ्या उघडाच राहतो. उथळ विहिरींना पाणी देणारा तो थर आता या भोकात पाझरू लागतो, आणि खाली रिकाम्या झालेल्या चिरांमध्ये उतरतो. लाल पट्टा आणि पाषाण मिळून जो तळ धरून होते, त्याला आपणच भोक पाडलं. बोअरच्या तोंडाला कान लावला तर आत पाणी ठिबकण्याचा आवाज येतो. अनेकांना तो शुभ वाटतो. प्रत्यक्षात ती शेजाऱ्याची विहीर उतरत असते.

प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्यांविषयीही इथेच सांगायला हवं. पावसाचं वाहून जाणारं पाणी त्यात धरलं तर ते उपयोगी आहे. पण अनेक ठिकाणी विहिरीतून, बोअरमधून उपसून ती भरतात. खडकाच्या भेगांत, सावलीत असलेलं पाणी उन्हात आणून ठेवायचं, जिथे मे महिन्यात दिवसाला आठ-दहा मिलिमीटर नुसतं वाफ होऊन जातं. जमिनीखालच्या एवढ्या मोठ्या, फुकटच्या टाक्याला झाकण होतं, हे आपल्या लक्षातच येत नाही.

पावसाळा संपल्यावर नदी वाहते ती कशावर? दिवाळीनंतर पाऊस नसतो, बहुतेक ओढ्यांवर धरण नसतं, तरी जुनी माणसं सांगतात की संक्रांतीपर्यंत, कुठे होळीपर्यंत ओढा खळाळत असे. ते पाणी याच मुरमा-मांजऱ्यातून हळूहळू काठाशी पाझरत यायचं. विहिरींची पातळी ओढ्याच्या पात्राखाली गेली की पाझर उलटा होतो, ओढाच जमिनीला पाणी देऊ लागतो आणि कोरडा पडतो. त्याबरोबर डोह जातात. डोह म्हणजे उन्हाळ्यात माशांचं माहेर. पहिल्या पुराबरोबर मासे तिथूनच पुन्हा सगळ्या नदीत पसरतात. महाड तालुक्यात वाळणकोंडीच्या डोहात देवीचे म्हणून राखलेले मोठे मासे आजही बघायला मिळतात, कारण तो डोह आटत नाही. पठारावरच्या किती डोहांना आता तसं म्हणता येईल? नदी वाचवायची चर्चा आपण काठावरच्या घाटापासून सुरू करतो. ती दोन मैलांवरच्या विहिरींपासून सुरू व्हायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

सपाटीवर ज्या कुजलेल्या थरानं विहिरी भरतात, तोच थर घाटाच्या उतारावर दरड होऊन जीव घेतो. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण, २२ जुलै २०२१ ला महाडजवळचं तळिये, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी. माळीणमध्ये दीडशेच्या वर माणसं गेली. उतारावरची माती आणि मुरूम संततधारेनं पाण्यानं गच्च भरतात, खालचा पाषाण पाणी पुढे जाऊ देत नाही, वजन वाढतं, कणाकणांमधली पकड सुटते आणि सगळा थर कातळावरून घसरतो. जागा कमी आणि पाणी एकदम फार, असा हाही ओंजळीचाच प्रकार आहे. जमिनीला नवी भेग पडणं, एरवी कोरड्या जागी अचानक गढूळ झरा फुटणं, झाडं आणि खांब कलणं, या खुणा तिथल्या लोकांना कळतात. त्या कळल्यावर रात्रीची वाट न पाहता वस्ती हलवायला हवी.

खडकाची मर्यादा मानून चाललेली गावं आपल्याकडे आहेत. पुरंदरमधल्याच नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात द्यायचं, भूमिहीनालाही त्यात हक्क, आणि ऊस लावायचा नाही. मला यातलं भूमिहीनाचं कलम सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण मुरणारा पाऊस त्याच्याही डोक्यावर पडलेला असतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पोपटराव पवारांच्या पुढाकारानं दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, विहिरींची पातळी कुठे आहे, पिण्यासाठी आणि जनावरांसाठी किती राखायचं, आणि उरलेल्यात कोणतं पीक बसतं. तिथे शेतीसाठी बोअर नाही. २००९ च्या महाराष्ट्र भूजल कायद्यातही ६० मीटरपेक्षा खोल विहिरींना आळा घालणारी तरतूद आहे. गावानं स्वतः ठरवलेलं मात्र कागदाआधी पाळलं जातं. उलट उदाहरण २०१६ चं. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर. स्टेशनावर लोकांनी गाडीचं स्वागत केलं.

भूजल यंत्रणेची माणसं राज्यभरातल्या ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चारदा मोजतात. हे काम कुठल्याही शेतकऱ्याला येण्यासारखं आहे. दोरी, टोकाला वजन, आणि फुटांच्या गाठी.

गेल्या मे महिन्यात तात्यांच्या विहिरीवर आम्ही हेच केलं. शेजारच्या रानात, दीडशे पावलांवर, एक बोअर आहे. तात्यांनी दोन दिवस आपली मोटार बंद ठेवली होती, पाणी पातळी धरून उभं होतं. पहाटे सहाला शेजाऱ्यांनी बोअर सुरू केली, तेव्हा आम्ही पाण्याच्या रेषेवर पाषाणाला खडूची खूण केली. आठ वाजता रेष तिथेच होती. दहाला खुणेखाली एक ओला, काळपट पट्टा दिसू लागला, बोटभर. बाराला चार बोटं. विहिरीत कोणी घागरही बुडवली नव्हती.

शेजारी दुपारी जेवण करून आले. पायऱ्या उतरून खाली गेले, खुणेला हात लावला, ओल्या पट्ट्यावरून बोटं फिरवली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वर बघून म्हणाले, “तात्या, मोटार बंद करू का? परत किती वर येतंय ते बघू.”

ते बंद करून आले तेव्हा एक वाजला होता. आम्ही तिघं पायरीवर बसून राहिलो. हंसराजाच्या झालरीतून थेंब पडत होते, सुरुवातीला मोजता येतील इतके सावकाश.